इंजिन लावून बुद्धिबळाचा डाव कसा पाहावा, कसा तपासावा

गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीतला सिंगापूरचा चौदावा डाव ज्यांनी १२ डिसेंबर २०२४ ला थेट पाहिला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना डिंगची घोडचूक खुद्द डिंगच्या आधी कळली. कळली म्हणजे काय, तर इंजिनचं (म्हणजे खेळ्यांचा हिशेब करणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमचं) मत दाखवणारी पटाशेजारची पांढरी-काळी पट्टी अर्ध्यावर होती ती एकदम काळी झाली. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला होता. आता चूक नेमकी काय झाली, असं त्या क्षणी विचारलं असतं तर पट्टीकडे बघणारे निम्मे लोक गप्प बसले असते.

हा लेख त्या गप्प बसणाऱ्यांसाठी आहे. मोहरे कसे चालतात हे ज्यांना ठाऊक आहे, अधूनमधून मोबाइलवर खेळणं होतं, दिव्या देशमुख किंवा विदित गुजराथी खेळत असले की डाव उघडून बसणं होतं, पण इंजिनचे आकडे आणि ओळी डोक्यावरून जातात, त्यांनी पुढचं वाचावं. मुरलेल्या खेळाडूला यात नवीन काही सापडणार नाही.

काय लागेल

विकत काहीच घ्यायचं नाही. स्टॉकफिश हे आजच्या सर्वांत ताकदवान इंजिनांपैकी एक आहे आणि ते फुकट आहे. त्याचा कोडसुद्धा सगळ्यांना खुला आहे. लीचेस या साइटवर ते ब्राउझरमध्येच चालतं, खातं नसलं तरी चालतं. ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘अ‍ॅनालिसिस बोर्ड’ उघडा, इंजिनचं बटण सुरू करा, झालं. चेस डॉट कॉमवरही सोय आहे, पण तिथल्या फुकट खात्याला डावाचं पूर्ण परीक्षण मर्यादितच मिळतं. सुरुवात लीचेसवर करा असं मी सुचवेन. इंटरनेट नसताना लागणार असेल तर अँड्रॉइडवर ड्रॉइडफिश घ्या.

एक गंमत आधीच सांगून ठेवतो. काही उत्साही मंडळी थेट स्टॉकफिशच्या साइटवर जाऊन इंजिन डाउनलोड करतात. फाइल उघडली की एक काळी खिडकी येते, तीत कर्सर लुकलुकत राहतो. पट नाही, मोहरे नाहीत. मग फाइल खराब आहे समजून पुन्हा डाउनलोड! बिघाड काही नसतो. इंजिन फक्त हिशेब करतं; पट दाखवायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. ते दोन्ही जोडण्याच्या फंदात पहिले काही महिने पडायचं कारण नाही.

इंजिनच्या ओळी, म्हणजे ते सुचवतं त्या खेळ्यांच्या रांगा, इंग्रजी अक्षरांत येतात, तेवढी अक्षरं पाठ करा: के म्हणजे राजा, क्यू वजीर, आर हत्ती, बी उंट आणि एन घोडा (के राजाने आधीच घेतल्यामुळे). प्याद्याला अक्षरच नाही, नुसतं घराचं नाव असतं (उभ्या रांगेचं अक्षर आणि आडव्या रांगेचा आकडा, जसं ई४). मध्ये फुली असेल तर मारामारी, शेवटी अधिकचं चिन्ह असेल तर शह.

आणि एक जाडसर वही हवी. का, ते पुढे येईलच.

आकडा वाचायचा कसा

इंजिन सुरू केलं की +०.३ किंवा −१.८ असा आकडा दिसतो. अधिक म्हणजे पांढऱ्याचं पारडं जड, उणे म्हणजे काळ्याचं. चाल कुणाचीही असो, चिन्हाचा अर्थ बदलत नाही. नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो: स्वतः काळ्याने खेळत असताना उणे आकडा बघून लोक हबकतात, खरं तर ती आनंदाची बातमी असते. डाव सुरू होण्याआधीच आकडा किंचित अधिक असतो, कारण पहिली चाल पांढऱ्याची. आकड्याऐवजी ‘एम ५’ किंवा ‘#५’ दिसलं तर पाच खेळ्यांत मात आहे.

जुन्या पुस्तकांत +१ म्हणजे ‘एका प्याद्याइतका वरचढपणा’ असं लिहिलेलं सापडेल. स्टॉकफिशच्या बाबतीत आता ते तसं राहिलेलं नाही. १५.१ या आवृत्तीपासून आकड्याचं मोजमाप बदललं: +१.०० याचा अर्थ, ही स्थिती इंजिनानेच इंजिनाविरुद्ध खेळली तर पांढरा जिंकण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे पटावर प्यादी सारखीच असूनही +१.५ दिसू शकतं, आणि एक प्यादं जास्त असूनही ०.० दिसू शकतं. त्यात विसंगती काही नाही.

पण त्या वाक्यातला ‘इंजिनाविरुद्ध’ हा शब्द विसरू नका. नवख्या दोघांच्या डावात +१ ला काडीची किंमत नसते. तुमच्या-माझ्या डावात पारडं प्रत्येक सहा-सात खेळ्यांनी इकडून तिकडे जातं. त्यामुळे ०.४ चा ०.१ झाला की ‘काय चुकलं’ म्हणून शोधाशोध करत बसू नका. आकडा एक-दीडने हलला तरच थांबा.

आकड्याशेजारी ‘डेप्थ’ लिहिलेली असते, म्हणजे इंजिन किती खोलवर गेलं आहे ते. यात पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक अशा दोन वेगळ्या मोजतात. मोबाइलवर सुरुवातीला आकडा सैरभैर उड्या मारतो, तेव्हा तो वाचूच नका. डेप्थ विशीच्या पुढे जाऊ द्या, मग बघा. आणि इंजिन जी लांबलचक ओळ दाखवतं तिच्या पहिल्या तीन-चार खेळ्या कामाच्या. शेपटाकडचा भाग तितक्या बारकाईने तपासलेला नसतोच. तो पाठ करणाऱ्यांची मला कीव येते.

आता सगळ्यांत महत्त्वाची युक्ती. सेटिंगमध्ये जाऊन ओळींची संख्या एकवरून तीन करा. असं करण्याचं कारण शून्याच्या आकड्यात आहे. ०.० हा आकडा दोन अगदी वेगळ्या स्थितींत दिसतो. पहिली, पटावर काही उरलेलंच नाही, कुणी काहीही खेळलं तरी बरोबरी. दुसरी, चहूबाजूंनी आग लागलेली आहे आणि बरोबरी राखणारी एकच खेळी आहे; ती चुकली की डाव गेला. पट्टी दोन्ही वेळा सारखीच, अर्ध्यावर. तीन ओळी लावल्या की फरक लगेच दिसतो. तिन्ही ओळी ०.० असतील तर पहिली स्थिती. वरची ओळ ०.० आणि खालच्या दोन −४ च्या आसपास असतील तर दुसरी. समालोचक जेव्हा ‘इथे एकच खेळी आहे’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक हेच बघून बोलत असतो.

थेट डाव पाहताना

लीचेसवर ‘वॉच’मध्ये ‘ब्रॉडकास्ट्स’ आहेत; मोठ्या स्पर्धा तिथे खेळीगणिक दिसतात. काही स्पर्धांचं प्रक्षेपण फसवणूक टाळण्यासाठी मुद्दाम काही मिनिटं उशिरा दिलं जातं, तेव्हा निकाल आधी कळला म्हणून चक्रावू नका.

एका वेळी एकच डाव निवडा. दहा पट उघडून दहा पट्ट्या बघणाऱ्याला निकाल कळतात, बुद्धिबळ कळत नाही. निवडताना तुम्हाला ओळखीची सुरुवात असलेला डाव घ्या, म्हणजे पहिल्या दहा खेळ्या तरी परक्या वाटणार नाहीत.

मग पट्टी बंद करा. हो, बंद. ब्रॉडकास्टच्या मेनूत ती लपवायची सोय आहे. समालोचन यूट्यूबवर बघत असाल तर पडद्यावरच्या पट्टीवर कागदाची पट्टी चिकटवली तरी चालेल.

खेळाडू विचारात पडला की तुमचं काम सुरू. तो काय खेळेल याचे दोन अंदाज वहीत लिहा, प्रत्येकापुढे अर्ध्या ओळीत कारण. ‘हत्ती डी१, कारण डी ओळ मोकळी.’ ‘घोडा ई५, कारण तिथून कुणी हाकलू शकत नाही.’ कारण चूक असलं तरी चालेल, कोरं नको. खेळी झाली की ताडून बघा. अशा आठ-दहा खेळ्या झाल्या की इंजिन लावा आणि मागे जाऊन तपासा: खेळाडूने खेळलं ते, तुम्ही लिहिलं ते आणि इंजिनची वरची ओळ. तिन्ही वेगळी असली तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. तुमची खेळी पटावर मांडा आणि इंजिन तिला काय उत्तर देतं ते बघा. ते उत्तर तुम्हाला दिसलं होतं का, एवढाच प्रश्न.

घड्याळाकडे लक्ष ठेवा. इंजिनला घड्याळ दिसत नाही. बाटुमीत जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हंपी आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचे दोन्ही क्लासिकल (संथ) डाव बरोबरीत सुटले, निकाल रॅपिडमध्ये (जलद डावांत) लागला आणि दिव्या ग्रँडमास्टर झाली. ते रॅपिड डाव पुन्हा उघडून बघाल तेव्हा प्रत्येक खेळीशेजारी उरलेला वेळही वाचा. आकडा उलटापालटा होतो तिथे घड्याळात किती उरलं होतं, हे पाहिल्याशिवाय ‘इतकं साधं कसं दिसलं नाही’ असं म्हणू नये.

आता सिंगापूरच्या त्या खेळीकडे येऊ. गुकेश काळ्याने खेळत होता, त्याच्याकडे एक प्यादं जास्त होतं. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. दोन्ही उंट पांढऱ्या घरांतले. अशी स्थिती नीट सांभाळली तर बरोबरीत सुटते आणि पट्टीही तेच म्हणत होती. डिंगने हत्ती एफ२ वर आणून गुकेशच्या हत्तीला बदलाबदलीचं आमंत्रण दिलं. मोहरे कमी झाले की बचाव सोपा, हा हिशेब एरवी चुकीचा नाही. पण डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. ५५... हत्तीने हत्ती मारला (आकड्यापुढे तीन ठिपके म्हणजे काळ्याची खेळी), ५६. राजाने हत्ती मारला, आणि ५६... उंट डी५! डिंगच्या ए८ वरच्या उंटाला पळायला जागा नाही, एकाच तिरप्या ओळीवर दोघे समोरासमोर. ५७. उंटाने उंट मारला, राजाने उंट मारला, ५८. राजा ई३, राजा ई५, आणि डिंगने डाव सोडला. उरले राजे आणि प्यादी, आणि तिथे एक जास्त प्यादं पुरेसं ठरलं. गुकेशने ७.५–६.५ अशी लढत जिंकली.

हे तुमच्या पटावर लावून बघायचं ते असं. ५५व्या खेळीआधीच्या स्थितीवर तीन ओळी लावा: बरोबरी राखणाऱ्या हत्तीच्या खेळ्या एकापेक्षा जास्त दिसतील. मग उंट ए८ वरून उचलून मधल्या एखाद्या घरावर ठेवल्याची कल्पना करा. लीचेसच्या ‘बोर्ड एडिटर’मध्ये हे खरोखर करता येतं. उंट हलवा, बाकी सगळं तसंच, आणि मग हत्ती एफ२ खेळून आकडा बघा. एक मोहरा इकडचा तिकडे करून पुन्हा विचारणं हा इंजिनकडून ‘का’ काढून घेण्याचा सगळ्यांत चांगला मार्ग आहे. आपणहून ते कारण सांगत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ पासून त्याचं मूल्यमापन न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे असंख्य स्थितींवरून स्वतः शिकलेल्या प्रोग्रॅमवर, चालतं (ही कल्पना शोगी या जपानी खेळाच्या इंजिनांतून आली), त्यामुळे हाताने लिहिलेले नियम वाचून कारण शोधायची वाटही हळूहळू बंद झाली.

मोहरे सात किंवा त्याहून कमी उरले, राजे आणि प्यादी धरून, की आणखी एक सोय हाताशी येते: टेबलबेस. यात अंदाज नाही, शेवटपर्यंत गणित करून ठेवलेलं उत्तर आहे. लीचेसवर अशा स्थितीत पुस्तकाचं चिन्ह दाबलं की प्रत्येक खेळीपुढे जिंकणार, हरणार की बरोबरी हे लिहून येतं. राजा-प्याद्यांचे शेवट शिकायला याच्याइतका चोख शिक्षक नाही, फक्त तो मुका आहे.

एक छोटा सापळा, हाताने खेळून

वाचून पुरे. अ‍ॅनालिसिस बोर्डवर, इंजिन बंद ठेवून, या खेळ्या मांडा:

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा डी४

काळ्याने तोच घोडा दुसऱ्यांदा हलवला आणि ई५ चं प्यादं उघडं टाकलं. पांढऱ्याने काय खेळावं? लिहा.

बहुतेकांच्या वहीत ‘घोड्याने ई५ मारा’ येतं. फुकटचं प्यादं आहे, आणि एफ७ वर घोडा-उंट दोघांचा रोखही बसतो. ते खेळा. आता काळ्यातर्फे ४... वजीर जी५ खेळा. इथे थांबून कीबोर्डवर एक्स हे अक्षर दाबा. (त्यासाठी इंजिन तेवढ्यापुरतं सुरू करा.) ही ‘धोका दाखवा’ची कळ आहे: चाल पांढऱ्याची असली तरी काळ्याला आत्ता चाल मिळाली तर तो काय करेल ते इंजिन दाखवतं. वजीर एकाच वेळी ई५ च्या घोड्यावर आणि जी२ च्या प्याद्यावर नेम धरून आहे.

पांढऱ्याचा मोह अजून संपलेला नाही. ५. घोड्याने एफ७ मारलं तर वजीर आणि हत्ती दोघांवर हल्ला! खेळून बघा. ५... वजिराने जी२ मारलं. ६. हत्ती एफ१, वजिराने ई४ मारून शह. ७. उंट ई२, आणि ७... घोडा एफ३, मात. राजाला एकही घर नाही, आणि ई२ चा उंट वजिरामुळे जखडलेला, म्हणून घोड्याला हात लावता येत नाही.

इथवर सगळे येतात आणि हसून पट बंद करतात. खरं शिकणं यानंतर आहे. चौथ्या खेळीवर परत जा, वजीर जी५ नंतर इंजिनला विचारा. ते म्हणेल, उंटाने एफ७ मारून शह द्या आणि मग किल्लेकोट करा. एक मोहरा जाईल, पण बदल्यात दोन प्यादी आणि काळ्याचा राजा मधोमध उघडा. म्हणजे डाव इतक्यात संपलेला नव्हता. आणखी एक पायरी मागे जा, ३... घोडा डी४ नंतर. आता दिसेल की पांढरा शांतपणे घोड्याने डी४ चा घोडा मारू शकतो. काळ्याचं प्यादं तो घोडा परत मारेल, त्यानंतर मोहरे मोजा. पांढऱ्याचा उंट बाहेर आहे आणि चालही त्याचीच. काळ्याचा एकही मोहरा घरातून निघालेला नाही. दोन खेळ्या त्या घोड्यावर गेल्या आणि घोडा पटावर नाही. इंजिन पांढऱ्याला का झुकतं माप देतं, ते तुम्ही आत्ता स्वतः मोजलंत.

शेवटी पुस्तकाच्या चिन्हावर जाऊन ‘ओपनिंग एक्सप्लोअरर’ उघडा (ओपनिंग म्हणजे डावाची सुरुवात) आणि खेळाडूंच्या रेटिंगची गाळणी तुमच्या पातळीला लावा. चौथ्या खेळीला माणसं प्रत्यक्षात काय खेळतात ते दिसेल. इंजिन सर्वोत्तम खेळी सांगतं, एक्सप्लोअरर तुमच्यासारखी माणसं काय खेळतात ते सांगतं. दोन्ही एकत्र ठेवली की सापळा अजून जिवंत का आहे ते उमगतं.

स्वतःचा डाव तपासताना

यासाठी संथ डाव निवडा. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये चुका कशा झाल्या हे तुम्हालाही सांगता येत नाही, मग इंजिनला काय विचारणार. पंधरा मिनिटं आणि खेळीला दहा सेकंद, असा किंवा त्याहून मोठा डाव घ्या. शाळेच्या किंवा जिल्हा स्पर्धेतला असेल तर नोंदीच्या कागदावरून पटावर उतरवा. त्या पेन्सिलीच्या नोंदीत एखादी खेळी हमखास गाळलेली असते. ती कोणती हे आठवून शोधणं हाही व्यायामच.

पहिली फेरी इंजिनशिवाय. डाव संपल्यावर डोकं गरम असतं, लगेच लाल खुणा बघायची खुमखुमी येते. ती आवरा. आधी तीन जागा शोधा: मी कुठे अडखळलो, मला कुठे वाटलं की आता जिंकलो, आणि कुठे वाटलं की गेलं. प्रत्येक जागी मनात काय चाललं होतं ते वहीत उतरवा. गणिताच्या पुस्तकामागची उत्तरं आधी पाहिली की गणित आल्यासारखं वाटतं, परीक्षेत मात्र येत नाही. इंजिनचं अगदी तसंच आहे.

दुसऱ्या फेरीत इंजिन. लीचेसवर संपलेल्या डावाखाली संगणकी परीक्षणाची मागणी करायचं बटण आहे. आलेख येतो, खेळ्यांपुढे खुणा येतात: ढिली खेळी, चूक, घोडचूक. आलेखातले दोन-तीन मोठे कडे तेवढे निवडा, बाकी सोडा. तुम्ही लिहिलेल्या तीन जागा आणि इंजिनने दाखवलेले कडे यांची गाठ पडते का, हे बघा. इंजिन जिथे ओरडतं तिथे तुम्हाला काही जाणवलंच नव्हतं, अशी जागा सोन्याची.

तिथे इंजिनची खेळी बघायच्या आधी ‘लर्न फ्रॉम युअर मिस्टेक्स’ दाबा. हे बटण तुम्हाला त्याच स्थितीत परत बसवतं आणि चांगली खेळी शोधायला लावतं. सापडली नाही तर उत्तर दाखवतं. उत्तर दिसल्यावर स्वतःची खेळी पुन्हा मांडा आणि इंजिनने तिच्यात काय भोक पाडलं ते खेळून बघा. ‘ही चूक’ हे वाक्य वहीत लिहायचं नाही. ‘वजीर बी३ वर गेला तेव्हा एफ७ ला एकटा राजाच सांभाळत होता’ असं काहीतरी लिहायचं, ज्यात घराचं नाव आहे.

जिंकायची स्थिती हातातून गेली असेल तर ती स्थिती उचला आणि ‘इथून पुढे खेळा’ निवडून संगणकाविरुद्ध खेळा. लीचेसवर एक ते आठ पातळ्या आहेत. पाचव्या-सहाव्या पातळीपासून सुरुवात करा. हत्ती जास्त असूनही घाम फुटतो, तेव्हा आकड्यातल्या +५ चा खरा अर्थ कळतो.

हे डाव ‘स्टडी’ नावाच्या जागी साठवता येतात, खाजगी ठेवता येतात, खेळ्यांशेजारी मराठीत टिपणं लिहिता येतात. चार-पाच महिन्यांनी ती टिपणं सलग वाचा. एकच चूक वेगवेगळ्या वेषात परत परत येताना दिसेल.

इंजिनचं कुठे ऐकू नये

ओपनिंगच्या पहिल्या आठ खेळ्यांत +०.२ आणि +०.४ मधला फरक तुमच्यासाठी शून्य आहे. आवडेल ते खेळा.

प्यादी एकमेकांत अडकून पट पूर्ण बंद झाला असेल, तर इंजिन कधी कधी मोठा आकडा दाखवत राहतं आणि प्रत्यक्षात कुणालाच आत शिरता येत नाही. ओळखायची खूण: इंजिनची ओळ पुढे खेळत जा. दहा खेळ्यांनंतरही मोहरे नुसते फेऱ्या मारत असतील आणि आकडा जागचा हलत नसेल, तर ती तटबंदी आहे.

आणि ती टक्केवारी. ‘तुमची अचूकता ९४%’ वगैरे. बारा खेळ्यांत प्रतिस्पर्धी सापळ्यात पडला तर नव्वदीच्या पुढचा आकडा सहज येतो. साठ खेळ्या झुंजून मिळवलेल्या बरोबरीत त्याहून खूप कमी येऊ शकतो. दोन डावांची टक्केवारी शेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही.

हे पालकांनी जरा जास्त लक्षात ठेवावं. स्पर्धेच्या हॉलबाहेर मुलाच्या नोंदीचा कागद घेऊन मोबाइलवर इंजिन लावलेले आई-बाबा आता सगळीकडे दिसतात. मूल बाहेर येताच ‘अरे, तेविसाव्या खेळीला तू जिंकत होतास!’ ते वाक्य इंजिनचं असतं, तुमचं नाही, आणि मुलाला ते बरोबर कळतं. पुढच्या फेरीला तासभर असताना इंजिन लावूच नका. घरी गेल्यावर मुलालाच विचारा, ‘तुला काय वाटलं तिथे?’ ते सांगून झालं की मग दोघांनी मिळून बटण दाबा. नऊ-दहा वर्षांचं मूल असेल तर आकडा झाकून फक्त बाण दाखवा. आकड्यावरून मुलं लवकर निराश होतात.

नियम, थोडक्यात पण कडक

संपलेला डाव आणि दुसऱ्यांचा डाव, एवढ्यांनाच इंजिन लावायचं. स्वतःचा डाव चालू असताना, ऑनलाइन असो की समोरासमोर, ती फसवणूक आहे. साइटवाले खेळ्यांच्या नमुन्यावरून ती पकडतात आणि खातं बंद करतात. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार खेळाच्या जागी खेळाडूकडे परवानगीशिवाय मोबाइल सापडला तर, तो बंद असला तरी, सर्वसाधारणपणे डाव हरलेला धरतात. लहान मुलांच्या दप्तरात फोन राहून जातो, तेव्हा हॉलमध्ये शिरण्याआधी एकदा तपासा.

दिवसाला एक खेळी अशा संथ ऑनलाइन डावांबद्दल गोंधळ असतो. लीचेसवर त्या डावांत ओपनिंगचं पुस्तक किंवा एक्सप्लोअरर बघायला मुभा आहे, इंजिनला नाही. आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार बुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत मात्र इंजिन उघडपणे चालतं, तिथला खेळच वेगळा आहे. तुमचा संथ डाव चालू असेल तर त्याच ओपनिंगचा दुसरा कुणाचा डाव इंजिन लावून बघणंही टाळा. डाव संपेपर्यंत ती ओपनिंग बाजूला ठेवा, दुसरी एखादी तपासायला घ्या.